विद्यापीठ आवारातील खरकट्याचे कंपोस्टीकरण

विद्यापीठाच्या आवारातील वसतिगृहांच्या मेस, उपाहारगृहे आणि चहाच्या टपऱ्या यांतून रोज निघणारे खरकटे व भाज्यांची देठे-साले बाहेर न पाठवता, आवारातल्याच पालापाचोळ्यात मिसळून हवेच्या सान्निध्यात कुजवणे व त्यांचे खत करणे, यास आवारातील कंपोस्टीकरण म्हणतात. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 यांनी दिवसाला सरासरी 100 किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संस्थांची गणना मोठ्या कचरानिर्मात्यांत केली आणि 5,000 चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा, असे बंधन घातले. बहुतेक वसतिगृहयुक्त विद्यापीठे या दोन्ही अटींत बसतात.

ही पद्धत भारतीय शिक्षणसंस्थांना परकी नाही. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत 1924 ते 1931 या काळात शेतातला काडीकचरा, शेण आणि गोमूत्राने भिजलेली माती यांच्या थरांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. 1931 मध्ये यशवंत वाड यांच्यासह त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली. ती पाहण्यासाठी महात्मा गांधी 1935 मध्ये त्या संस्थेत गेले होते. आज त्याच जागी इंदूरचे कृषी महाविद्यालय आहे. सी. एन. आचार्य यांनी 1939 मध्ये ‘बंगळूर पद्धत’ मांडली. इंदूर पद्धतीत ढीग ठरावीक दिवसांनी वरखाली करतात व सुमारे तीन महिन्यांत खत मिळते. बंगळूर पद्धतीत खड्डा मातीने लिंपून सोडून देतात, मेहनत वाचते, पण सहा ते आठ महिने थांबावे लागते.

कुजण्याचे शास्त्र अवघड नाही. सूक्ष्मजीवांना नत्राच्या (नायट्रोजन) 25 ते 30 पट कर्ब (कार्बन) लागतो. मेसच्या खरकट्यात नत्र आणि पाणी जास्त असते, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त असतो. म्हणून एक बादली खरकट्याला साधारण दोन-तीन बादल्या पाला, असा अंदाज कामगार धरतात. मिश्रणात 50 ते 60 टक्के ओल हवी. ती तपासायला यंत्र लागत नाही: मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता एक-दोन थेंबच निघावेत, धार लागली तर पाला कमी पडला, गोळा सुटून भुगा झाला तर पाणी कमी पडले. ढीग निदान एक घनमीटर असला, की आतली उष्णता टिकते आणि तापमान 55 ते 65 अंश सेल्सिअसपर्यंत चढते. 55 अंशांवर काही दिवस राहिल्यास बहुतेक रोगजंतू व तणांचे बी मरते. थंडीच्या सकाळी असा ढीग उकरला तर त्यातून वाफ निघताना दिसते. दुर्गंधी, चिलटे आणि लिबलिबीत काळे पाणी ही मात्र हवा कोंडल्याची लक्षणे होत. त्यावर उपाय म्हणजे पाला घालून ढीग परतणे, फिनेल टाकणे नव्हे.

मेसचे खरकटे घरच्या ओल्या कचऱ्यासारखे नसते. त्यात भाताचे चिकट गोळे, वरणाचे पाणी, रश्श्यावरचा तेलाचा तवंग आणि लोणच्याचे मीठ असते. भाताचा गोळा न फोडता टाकला तर तो आतून आंबतो. म्हणून खरकटे आधी जाळीवर निथळून घेणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी आहे. मांस व हाडे टाकल्यास घुशी आणि भटकी कुत्री येतात, त्यामुळे उघड्या खड्ड्यांत ती घालत नाहीत.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे, आणि प्रकल्प बंद पडतात ते बहुधा इथेच. महाराष्ट्रात वर्षावृक्ष, साग, शिरीष यांची पानगळ मुख्यतः हिवाळा सरताना व उन्हाळ्यात होते. मेसचे खरकटे वाढते ते जून-जुलैत वसतिगृहे भरल्यावर, म्हणजे पाला भिजून कामातून गेल्यावर. फेब्रुवारी ते मे या काळात गोळा केलेला पाला पोत्यांत भरून छपराखाली ठेवला नाही, तर पावसाळ्यात खरकट्यात मिसळायला काहीच उरत नाही आणि भुसा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) विकत आणावे लागते. तो पाला कोपऱ्यात जाळून टाकण्याची सवय म्हणूनच दुहेरी तोट्याची आहे. गांडूळखताचे वाफे उलट उन्हाळी सुट्टीत मरतात: खाद्य थांबते, पाणी मारणारे कोणी नसते, आणि वाफ्याचे तापमान 35 अंशांपुढे गेले की गांडुळे तग धरत नाहीत.

चोवीस तासांत खत देण्याचा दावा करणारी विजेवरची यंत्रेही अनेक ठिकाणी बसवली जातात. त्यांतून निघणारा तपकिरी भुगा पुष्कळदा केवळ वाळवून दळलेले अन्न असते; पाणी लागताच ते पुन्हा आंबू लागते, म्हणून त्यास काही आठवडे मुरू देणे आवश्यक ठरते. मोठ्या मेसना बायोगॅस हा दुसरा पर्याय आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ प्रकल्प मुख्यतः अशाच कचऱ्यासाठी आहे.

तयार खत काळपट तपकिरी, भुसभुशीत असते व त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. विक्रीच्या शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशाने कर्ब-नत्र प्रमाण 20 पेक्षा कमी आणि नत्र किमान 0.8 टक्के असावे, असे ठरवले आहे. आवारातले खत मात्र बहुधा तिथल्याच रोपवाटिकेत व बागेत संपते. त्याआधी ते चार मिलिमीटरच्या चाळणीतून काढतात. वर उरतात आंब्याच्या कोयी, न कुजलेल्या काड्या, केचपच्या पुड्या आणि हमखास दोन-चार स्टीलचे चमचे. कोयी व काड्या नव्या ढिगात जातात, पुड्या सुक्या कचऱ्यात, आणि चमचे धुऊन मेसमध्ये परत.