बुट्टीत किती पडलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात माझं आजोळ आहे. गावच्या तळ्याच्या बांधावरून रविवारी दुपारी चालत गेलं, की थोड्या थोड्या अंतरावर पाण्याकडे वाकलेली एकेक काठी दिसते. काठीमागे छत्री, छत्रीखाली माणूस, माणसाच्या शेजारी कणकेचा गोळा नाहीतर गांडुळांचा डबा. "काय मामा, पडलं का काय?" म्हणून विचारावं, तर मामांचं उत्तर ठरलेलं. "काय न्हाई गा, दोन चिलाप्या." शेजारची पिशवी मात्र चांगली फुगलेली असते. आणि संध्याकाळी कट्ट्यावर तीच मंडळी एकमेकांना सांगतात, "तळ्यात आता मासाच ऱ्हायला न्हाई."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो आहे. ते खरं असेल, नसेलही. तळ्यात मत्स्यबीज सोडायचं की नाही, किती सोडायचं, कुणी किती जाळी टाकायची, यावरून गावात दरवर्षी वाद होतात. त्या वादात आवाज असतो, आकडा नसतो. तो आकडा काढता येतो. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, एक वही, एक घड्याळ, एक वजनकाटा आणि नीट विचारायची सवय पुरते.

पाण्यातले मासे मोजणं अवघडच. ते दिसत नाहीत, एका जागी थांबत नाहीत. पण बाहेर आलेले मासे एखाद्या माणसाच्या हातूनच बाहेर येतात आणि काठावरचा माणूस दिसतो. म्हणून मत्स्यशास्त्रज्ञ माणसांकडे वळले. गळ टाकणारे किती जण किती वेळ बसतात आणि प्रत्येकाला तासाला किती मासा मिळतो, हे दोन आकडे कळले की गुणाकार करायचा, एकूण किती मासा निघाला ते कळतं. या पाहणीला इंग्रजीत 'क्रील सर्व्हे' म्हणतात. क्रील म्हणजे तिकडचे गळकरी खांद्याला अडकवतात ती वेताची करंडी. बेळगावकडे टोपलीला आपण बुट्टी म्हणतो. तेव्हा ही बुट्टीची पाहणी.

माणसं किती बसतात, हे आधी पाहू. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा असा बारा तासांचा दिवस धरा. दिवसभर तळ्यावर बसून प्रत्येकाची येण्याजाण्याची वेळ टिपणं छोट्या तळ्यावर जमेल. हुक्केरी तालुक्यातल्या हिडकलच्या धरणावर ते अशक्य आहे. घटप्रभेवरचा हा जलाशय ५१ टीएमसीचा, त्याचा काठ वेडावाकडा, खाड्याखाड्यांचा, आणि कुठल्या गावातून कोण कुठल्या पायवाटेनं पाण्यावर उतरेल याचा नेम नाही. तिथे फेरी मारावी लागते. एका ठरलेल्या वेळी होडीतून किंवा काठानं जायचं आणि त्या फेरीत गळ टाकून बसलेली जेवढी माणसं दिसतील तेवढी मोजायची. समजा दिवसात तीन फेऱ्या केल्या आणि १४, २२ आणि ६ माणसं दिसली. सरासरी १४. दिवस १२ तासांचा, म्हणजे १४ गुणिले १२, एकूण १६८ माणूस-तास. कोण कधी आला, कधी उठला हे एकालाही न विचारता दिवसभराच्या बसण्याचा हिशेब लागला. मला हा गुणाकार फार सुंदर वाटतो.

त्याला एक अट मात्र आहे, आणि सगळी मेहनत तिच्यावर उभी आहे. फेरीची वेळ आपल्या सोयीनं ठरवायची नाही. आपण नाष्टा करून आठला निघालो, तर नेमक्या गर्दीच्या वेळी पोचतो. उन्हं चढल्यावर काठ रिकामा होतो तेव्हा आपण घरी जेवत असतो. मग सरासरी फुगते. म्हणून बारा तासांच्या बारा चिठ्ठ्या करायच्या, डब्यात हलवायच्या आणि निघतील त्या वेळेला जायचं. चिठ्ठी दुपारी एकची निघाली तर मे महिन्याच्या उन्हातही एकलाच. फेरी कुठल्या टोकापासून सुरू करायची, तेही नाणं उडवून ठरवायचं. मोजताना मध्येच कुणाशी बोलत थांबायचं नाही. आधी फेरी पुरी करायची, मग गप्पा. थांबलो तर पुढची माणसं तोवर उठून जातात. आणि मोजायची माणसं, काठ्या नव्हेत. एकेक जण चार-चार काठ्या रोवून बसतो, तो एकच धरायचा. शाळा सुटल्यावर बांबूची काडी घेऊन येणारी पोरंही धरायची. त्यांच्या पिशवीतला मासाही त्याच तळ्यातला असतो.

चिठ्ठ्या टाकून मोजायची ही रीत आपल्याकडे नवी नाही. पीक विम्यासाठी होणारे पीक कापणी प्रयोग शेतकऱ्यांनी पाहिलेत. गावातली काही शेतं चिठ्ठीनं निवडायची, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापून, मळून, वजन करून साऱ्या भागाचं उत्पन्न काढायचं. या पद्धतीला भारतात पक्कं शास्त्रीय रूप देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते. पुढे त्यांनी वि. गो. पानसे आणि आणखी एका सहकाऱ्याबरोबर हीच पद्धत समुद्रातल्या माशांच्या मोजणीला लावली, तो लेख १९५८ साली प्रसिद्ध झाला. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्या मोजत नाही. काही बंदरं, काही दिवस, काही होड्या निवडते आणि त्यावरून देशाची सागरी मासळी काढते. समुद्राला मिळालेला हा मान आपल्या तळ्यांना आणि धरणांना, निदान गळवाल्यांच्या बाबतीत, क्वचितच मिळतो, आणि मला ते खटकतं. ठेकेदाराच्या जाळ्यातला मासा तराजूवर चढतो, म्हणून वहीत येतो. गळाचा मासा थेट कालवणात जातो.

दिवस निवडतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. महिन्यात ८ सुट्ट्या आणि २२ कामाचे दिवस आहेत असं धरू. आपण चार सुट्ट्या आणि चार कामाचे दिवस पाहणी केली. सुट्टीला सरासरी ६० किलो मासा निघाला, कामाच्या दिवशी २० किलो. आठही दिवसांची एकच सरासरी काढली तर ४० किलो येते, तीस दिवसांचे १२०० किलो. आता दोन ढीग वेगळे ठेवू. ६० गुणिले ८ म्हणजे ४८०, २० गुणिले २२ म्हणजे ४४०, बेरीज ९२०. तीच पाहणी, तेच मासे, आणि २८० किलोंचा फरक. म्हणून सुट्टी, कामाचे दिवस, आठवड्याचा बाजार असे ढीग आधीच पाडायचे असतात.

आपल्या भागात आणखी एक ढीग पाडावाच लागेल, तो चढणीच्या माशांचा. मृगाचा पाऊस लागला, ओढे वाहू लागले, की अंडी घालायला मासे पाण्याच्या उलट दिशेनं चढतात, आणि खानापूर, चंदगडकडची निम्मी गावं बॅटऱ्या आणि बुट्ट्या घेऊन ओढ्यावर उतरतात. त्या दोन-चार रात्रींत गाभोळीनं भरलेला मासा निघतो. वर्षभराच्या सरासरीत हे दिवस बुडवले तर मोजणी खोटी ठरेल, आणि अंडी घालण्याआधीच मासा मारला जातो, ही सगळ्यात काळजी करण्यासारखी गोष्ट नजरेआडच राहील.

आता दुसरा आकडा, तासाला किती मासा. तो विचारूनच मिळतो.

विचारणाऱ्याकडे लोक खात्याचा माणूस म्हणून बघतात. परवाना विचारेल, दंड करील, ठेकेदाराला सांगेल. एकदा मी वही उघडून सरळ प्रश्न सुरू केले, तर एक आजोबा काठी गुंडाळून उठलेच. "कशाला विचारालासा? आमी काय चोरी केली काय?" त्यानंतर मी वही उघडण्याआधी शेजारी बसायला शिकलो. नाव विचारायचं नाही, गाव विचारलं तरी पुरे. आणि सीमाभागात समोरच्याची भाषा ओळखून बोलायचं. हिडकलच्या एका काठावर "किती पडलं?" चालेल, दुसऱ्या काठावर कानडीत "एष्ट मीन सिक्कावरी?" म्हणावं लागेल. प्रश्नांचा कागद दोन्ही भाषांत हवा आणि दोन्हींत प्रश्न तोच हवा, कारण "आज किती मिळालं" आणि "रोज किती मिळतं" यांची उत्तरं फार वेगळी असतात.

प्रश्न थोडेच असतात. कधी आलात, मध्ये उठला होता का, बरोबर किती जण, कुठला मासा धरायला बसलात, किती मिळाले, किती परत सोडले. शेवटी विनंती, बुट्टी बघू का? बघू दिली तर माशाची जात ओळखायची, तोंडापासून शेपटीपर्यंत लांबी मोजायची, वजन करायचं. नुसतं तोंडी उत्तर घेतलं तर आकडे पाच, दहा, "दीड-दोन किलो" असे गोल होत जातात. कुणी वाट्यावर सांगतो, आणि वाटा म्हणजे किती हे ज्यानं तो लावला त्यालाच ठाऊक. महिन्यापूर्वीचं विचारलं तर मोठा मासा आठवणीत राहतो, रिकाम्या हातानं परतलेले दिवस पुसले जातात. रिकामी बुट्टी सगळ्यात जपायची. ज्याला काही मिळालं नाही तो म्हणतो, माझं काय लिहिता? पण त्याचे चार तास आणि शून्य किलो वहीत आले नाहीत, तर तळं आहे त्यापेक्षा भरलेलं दिसतं.

इथे एक गंमतीदार पेच येतो. दोन माणसं भेटली. पहिला ६ तास बसला होता, त्याला दीड किलो मिळाला, म्हणजे तासाला २५० ग्रॅम. दुसरा २ तास, त्यालाही दीड किलो, तासाला ७५० ग्रॅम. सगळ्या माशाला सगळ्या तासांनी भागलं तर ३ भागिले ८, तासाला ३७५ ग्रॅम. दोघांच्या दरांची सरासरी काढली तर ५०० ग्रॅम. आपल्या १६८ माणूस-तासांना गुणलं तर एका रीतीनं ६३ किलो, दुसरीनं ८४. खरं कुठलं?

हे दोघं तुम्हाला कुठे भेटले, त्यावर ते ठरतं. तळ्याला एकच वाट असेल आणि तुम्ही त्या वाटेवर घरी निघालेल्यांना गाठत असाल, तर दोन तासवाला आणि सहा तासवाला सारखेच हाती लागतात. तिथे बेरजेला बेरजेनं भागायचं. पण तुम्ही काठानं फिरत असाल तर गोष्ट बदलते. गावच्या कट्ट्यावर कधीही जा, तेच चार जण दिसतात, कारण ते दिवसभर तिथेच असतात. पाच मिनिटं टेकून गेलेला माणूस तुम्हाला सहसा दिसत नाही. फिरत्या पाहणीतही असंच होतं, सहा तास बसणारा दोन तासवाल्याच्या तिप्पट वेळा भेटतो. त्याच्या तासांचं वजन तुमच्या भेटींतच उतरलेलं असतं. पुन्हा तासांनी वजन दिलं तर ते दोनदा धरलं जाईल. म्हणून तिथे प्रत्येकाचा दर काढून त्यांची साधी सरासरी घ्यायची, आणि ज्यांना येऊन अर्धा तासही झाला नाही त्यांना सोडून द्यायचं. बसल्या बसल्या दहा मिनिटांत किलोभर मिळालेला एक जण सगळी सरासरी बिघडवतो.

असा काढलेला आकडा अचूक नसतो. ९२० किलो म्हणजे त्याच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी. ही चूक निम्मी करायची तर पाहणीचे दिवस चौपट करावे लागतात, तेवढी माणसं आणि पैसा कुठल्याच तळ्याला मिळत नाही. पण वर्षानुवर्षं त्याच पद्धतीनं मोजलं तर तासाचा दर खूप काही बोलतो. तो बोलतो तेव्हा पाण्याकडेही बघावं लागतं. मे महिन्यात हिडकलचं पाणी खाली जातं, मासे थोड्या पाण्यात दाटतात आणि गळाला पटापट लागतात. दर वाढला म्हणून मासे वाढले असं होत नाही. मेची तुलना मागच्या मेशीच करायची.

बुट्टीत काय आहे, हेही वजनाइतकंच महत्त्वाचं. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे मासे, आपल्याकडे ते मुद्दाम सोडलेले. साचलेल्या तळ्यात ते अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, पुराचं पाणी लागतं. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या रसाचं इंजेक्शन देऊन अशा माशांची पैदास करून दाखवली, तेव्हापासून तळ्यांत बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडणं सोपं झालं. म्हणजे गावच्या तळ्यातला जवळजवळ प्रत्येक रोहू कुणीतरी पैसे मोजून सोडलेला असतो. सोडलेल्या बोटुकलींपैकी मोठ्या होऊन किती गळाला आल्या, हे बुट्टी बघितल्याशिवाय कळणार नाही. चिलापीचं, म्हणजे तिलापियाचं, याच्या उलट. १९५२ साली ती भारतात आली, मादी अंडी आणि पिल्लं तोंडात धरून सांभाळते, आणि कुणी न सोडता ती वाढत राहते. दर तोच राहिला, पण बुट्टीत रोहू-मरळ कमी होऊन तळहाताएवढ्या चिलाप्याच भरल्या, तर "मासाच राहिला नाही" हे वाक्य मला नव्यानं ऐकावं लागेल. मामा कदाचित वजनाबद्दल बोलतच नसतील.

गेल्या खेपेला हे सगळं मी त्यांना बांधावर बसून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पिशवी माझ्यासमोर उपडी केली, मी एकेक मासा पट्टीवर ठेवून लांबी लिहून घेतली. मग ते म्हणाले, "सहा वाजता वही मिटलीस की. मरळ रात्री लागतोय गा." मी बांधावर पाहिलं. पलीकडच्या काठाला पहिली बॅटरी लागली होती, थोड्या वेळानं दुसरी, आणि तिसरी. आता डब्यात बारा चिठ्ठ्या नाहीत, चोवीस आहेत.