मेदबिंदू: शंभर वर्षं दुर्लक्षित राहिलेलं अंगक

पेशीतले मेदबिंदू, म्हणजे चरबीचे सूक्ष्म थेंब, रिचर्ड आल्टमन यांनी १८९० मध्ये आणि एडमंड विल्सन यांनी १८९६ मध्ये नोंदवले होते. तरीही पुढची जवळपास शंभर वर्षं ते केवळ साठा मानले गेले. याला प्रयोगशाळेतली एक रीतही थोडी कारणीभूत असावी. ऊतीचे काप तयार करताना वापरलेलं अल्कोहोल आणि झायलीन मेद विरघळवून टाकतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली उरते नुसती पोकळी. पोकळीवर संशोधन कोण करणार?

चित्र पालटलं ते १९९१ मध्ये, मेदपेशींत पेरिलिपिन हे प्रथिन सापडल्यावर. मेदबिंदूचा गाभा मुख्यतः ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे तीन मेदाम्लं जोडलेल्या साठवणीच्या चरबीचा. भोवती फॉस्फोलिपिडचा, म्हणजे पेशीची पटलं (आवरणं) ज्याची बनतात त्या मेदाचा थर, तोही एकेरी. पेरिलिपिन या थरावर पहारा देतं. अ‍ॅड्रेनॅलिनचा संदेश आला की त्याला फॉस्फेट जोडले जातात आणि मेद फोडणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) वाट मिळते. म्हणजे साठ्याला दार होतं आणि दाराला कुलूपही.

कुलूप उघडल्यावर मेद फोडतं कोण, याचं उत्तर ठरल्यासारखंच होतं: हार्मोन-संवेदी लायपेज. पण हे विकर नसलेले उंदीर लठ्ठ झाले नाहीत. उलट त्यांच्या ऊतींत डायग्लिसराइड, म्हणजे एक मेदाम्ल तुटून दोन उरलेला मेद, साचलं; म्हणजे पहिला घाव दुसरंच कोणी घालत होतं. ते विकर, एटीजीएल (अ‍ॅडिपोज ट्रायग्लिसराइड लायपेज), २००४ मध्ये सापडलं. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा गट त्यात अग्रभागी होता. अपेक्षाभंगातून लागलेला हा शोध मला या इतिहासात सर्वांत आवडतो.

बिंदू तयार कुठे होतात, याचा धागा एका दुर्मीळ आजारात होता. अंगावर जवळजवळ चरबीच नसलेल्या रुग्णांचं वर्णन बेरार्डिनेली यांनी १९५४ मध्ये आणि साइप यांनी १९५९ मध्ये केलं. २००१ मध्ये त्यामागचं एक जनुक मिळालं, आणि त्याच्या प्रथिनाला सीपिन म्हटलं गेलं. ते आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतल्या पटलांच्या जाळ्यात) असतं, अन् नवे बिंदू तिथेच फुगून येतात.

मग प्रश्न उरला पेशीतल्या अंगकांमधल्या मेदाच्या देवाणघेवाणीचा. आंतर्द्रव्यजालिका आणि तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया) चिकटून असल्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात १९५० च्या दशकातच दिसलं होतं. त्या जोडणीतून लिपिडांची (मेदांची) ये-जा होते, हे जीन व्हान्स यांच्या १९९० च्या कामानंतर पटू लागलं. २००९ मध्ये लयकारिकांतही (पेशीच्या पचन-पिशव्यांतही) मेदबिंदू पचवले जातात हे यकृतपेशींत दिसलं. उपासमारीत काही पेशींचे मेदबिंदू चक्क वाढतात: स्वतःचीच पटलं मोडून निघालेली मेदाम्लं पेशी तिथे कोंडते, नाहीतर त्यांचा अतिरेक तंतुकणिकांना घातक ठरतो.