कर्त्या पुरुषाची पडझड: मराठी कथा-कादंबरीची पार्श्वभूमी

मराठी कादंबरीतला कर्ता पुरुष कधी डळमळला, असं विचारलं की भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’चं नाव येतं. नाशिककरांनी तरी तेवढ्यावर थांबू नये. त्याच वर्षी नाशिकजवळच्या विहितगावच्या बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला.

‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर शिक्षण, लग्न, घरचा व्यवहार सगळ्यालाच कंटाळतो. पण त्याच्या पाठीशी वडिलांची जमीन आहे; परत जायला घर आहे. बागुलांच्या शीर्षककथेतल्या निवेदकाला ही चैन नाही. रेल्वेतली नोकरी लागते, खोली मिळावी म्हणून जात लपवावी लागते, उघड झाल्यावर मार बसतो. त्याच कथेत काशिनाथ आहे: जात न लपवणारा, चाकू बाळगणारा, शेवटी निवेदकाला सोडवणारा. मर्दानगी काशिनाथची आणि निवेदक दुबळा, असं वाचलं तर कथा हातची जाते. निवेदक मार मुकाट सोसतो, कारण मारणाऱ्यांच्या हातामागे त्याला मनू दिसतो. दोन्ही पुरुष एकाच व्यवस्थेला उत्तर देत आहेत.

त्याआधी, १९६०च्या ‘धग’मध्ये उद्धव शेळक्यांनी घराचा भार कौतिकवर टाकलाच होता, तिचा नवरा महादेव नावापुरता कर्ता. खांडेकरांचा ययाती (१९५९) स्वतःची वासना कबूल करतो खरा, पण सिंहासनावरून.

भाऊ पाध्यांच्या ‘वासूनाका’वर (१९६५) अश्लीलतेचं वादळ उठलं. तिथली नेहमीची चूक म्हणजे नाक्यावरच्या पोरांची भाषा लेखकाची समजणं. पोरींबद्दलची ती फुशारकी रिकामटेकड्या पोरांची आहे, आणि पाध्ये तिला कुठेही शाबासकी देत नाहीत. टीकाकारांना उपदेश हवा होता, एवढंच.

पुढे कमाईच हातची गेली. १९८२च्या गिरणी संपानंतरचा कामगार जयंत पवारांच्या कथांत येतो. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला (२००२) एकनाथ शिकलेला आहे, पण नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेती पोसत नाही, बायको निघून जाते.

सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) प्रश्न कमाईचा उरतच नाही. घरातल्या भाडेकरूवर भाऊ-बहीण दोघंही जीव लावतात. आधी तनय बोलतो, मग अनुजा. याच क्रमाने वाचावं. अनुजाच्या पळून जाण्यावर घरात बोलणी, उपाय, धावपळ होते. तनयचं काय बिघडलंय हे विचारायलाही घराकडे कारण नसतं.