माहुआंग

माहुआंग : चिनी वैद्यकातील एक प्रमुख स्वेदजनक (घाम आणणारी) व दमाहर औषधी. एफेड्रेसी कुलातील एफेड्रा सिनिका, ए. इंटरमीडिया व ए. इक्विसेटिना या तीन जातींच्या वाळविलेल्या हिरव्या खोडांना हे नाव आहे. चीनच्या अधिकृत औषधिकोशाने या तिन्ही जाती मान्य केल्या आहेत. जुन्या ग्रंथांतील माहुआंग यांपैकी नेमकी कोणती, हे मात्र ठरविणे कठीण आहे, कारण एफेड्रा सिनिका ही जात स्वतंत्र म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ ओटो स्टाप्फ यांनी १९२७ साली वर्णिली आणि त्यापूर्वीच्या लेखनात जातींची नावे सैलपणे वापरली गेली.

हे प्रकटबीज वर्गातील लहान झुडूप अंतर्मंगोलिया, शान्सी, कान्सू इ. कोरड्या प्रदेशांत वाढते. पाने पेऱ्यांवरील खवल्यांपुरतीच उरलेली असल्याने अन्ननिर्मितीचे काम हिरवी कांडी करतात. दुरून पाहिल्यास झुडूप म्हणजे उभ्या केलेल्या केरसुणीसारखे दिसते. ‘हुआंग’ म्हणजे पिवळा. ‘मा’चा अर्थ जिभेला बधिर करणारी चव असा सोळाव्या शतकातील लि शिजेन यांनी लावला आहे. ‘मा’ हे भांगेच्या झाडाचेही नाव असल्याने ही व्युत्पत्ती मागाहून जुळविलेली असणे शक्य आहे.

प्राचीनत्व व सोमाचा प्रश्न : शन्नुंग या पौराणिक सम्राटाच्या नावावर असलेल्या औषधिसंग्रहात माहुआंगची नोंद आहे. परंपरा हा संग्रह फार प्राचीन मानते. तथापि त्याचे उपलब्ध रूप साधारणतः हान काळातील, बहुधा इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकातील असावे. पश्चिम चीनमधील तारिम खोऱ्यातील सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत एफेड्राच्या काड्यांच्या जुड्या सापडल्या असून त्या निःसंशय हेतुपूर्वक ठेवलेल्या आहेत. मात्र हेतू औषधी होता की धार्मिक, हे त्यांवरून ठरत नाही. इराकमधील शानिदार गुहेतील निअँडर्थल दफनात मिळालेल्या एफेड्राच्या परागकणांचा दाखला वारंवार दिला जातो. ते परागकण बिळे करणाऱ्या कृंतक (उंदरासारख्या कुरतडणाऱ्या) प्राण्यांमुळे तेथे पोहोचले असावेत, हा आक्षेप गंभीर असल्याने त्या दाखल्यावर विसंबणे योग्य नाही.

ऋग्वेदातील सोम व अवेस्ता या जरथुश्त्री धर्मग्रंथातील हओम म्हणजे एफेड्राच होय, हे मत एकोणिसाव्या शतकापासून मांडले जाते. इराण-बलुचिस्तानच्या पट्ट्यात या झुडपाला ‘हूम’ यासारखी नावे आहेत आणि जरथुश्त्री विधींत आजही त्याच्याच काड्या वापरल्या जातात. हओमापुरता हा पुरावा बळकट आहे. वैदिक सोमाबाबत मतैक्य नाही. गॉर्डन वॉसन यांनी १९६८ मध्ये अमानिटा या अळंबीचा, तर डेव्हिड फ्लॅटरी व मार्टिन श्वार्ट्‌झ यांनी १९८९ मध्ये हरमल या वनस्पतीचा पक्ष मांडला. त्याच वर्षी हॅरी फाल्क यांनी सोमरसाचा परिणाम भ्रम उत्पन्न करणारा नसून जागृती टिकविणारा होता, या मुद्द्यावर एफेड्राचे समर्थन केले. हा युक्तिवाद सूक्तांतील वर्णनांशी अधिक जुळतो. तुर्कमेनिस्तानातील मार्जियाना येथील उत्खननांत एफेड्राचे अवशेष मिळाल्याचा व्हिक्टर सारियानिदी यांचा दावा मात्र नंतरच्या तपासण्यांत टिकला नाही.

ब्राह्मणग्रंथांत सोमाऐवजी पूतीक, फाल्गुन इ. प्रतिनिधी सांगितले आहेत, त्या अर्थी मूळ वनस्पती तेव्हाच दुर्मिळ झाली असावी. दख्खनमधील श्रौत यज्ञांत रुईच्या कुलातील एक चीकदार, पर्णहीन वेल सोम म्हणून वापरली जाई. पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणारे मार्टिन हाउग यांनी १८६० च्या सुमारास एका श्रोत्रियाकडून तिचा रस काढवून चाखला, पण काही चमच्यांपलीकडे तो त्यांना घेववला नाही. या वेलीचा माहुआंगशी वनस्पतिशास्त्रीय संबंध नाही. हिमालयात आढळणाऱ्या ए. जेरार्डियाना या जातीला मात्र ‘सोमलता’ म्हणतात, आर. एन. चोप्रा यांनी कलकत्त्यात भारतीय जातींचा रासायनिक व औषधी अभ्यास केला.

पारंपरिक उपयोग : इ. स. २०० च्या सुमारास चांग चुंगचिंग यांनी सांगितलेला माहुआंगचा काढा थंडी वाजून आलेला, घाम न फुटणारा ताप व धाप यांवर देत. माहुआंग, दालचिनीच्या कोवळ्या काड्या, जर्दाळूच्या बियांतील गर व ज्येष्ठमध अशी त्याची घटकद्रव्ये आहेत. माहुआंग आधी एकटे उकळून वर आलेला फेस काढून टाकावा, मगच बाकीची द्रव्ये घालावीत. काढा पिऊन पांघरूण घ्यावे, अंग जेमतेम ओलसर होईल इतकाच घाम आणावा, अशी सूचना आहे. पेरी व मुळे खुडून टाकण्याची जुनी प्रथाही डोळस दिसते, कारण पेऱ्यांत अल्कलॉइडे (वनस्पतींतील नायट्रोजनयुक्त गुणकारी द्रव्ये) कांड्यांपेक्षा बरीच कमी असतात, तर मुळी घाम थांबविण्यासाठी, म्हणजे नेमक्या उलट कामासाठी, वापरतात. मधात परतलेल्या माहुआंगने घाम कमी येतो, म्हणून खोकला व दम्यासाठी ते पसंत केले जाते. औषधिकोशातील मात्रा २ ते १० ग्रॅ. आहे.

गुणकारी घटक : एफेड्रिन हे मुख्य अल्कलॉइड जपानचे नागाई नागायोशी यांनी १८८५ मध्ये वेगळे केले. त्याचे महत्त्व कळण्यास आणखी चार दशके लागली. पेकिंगमध्ये के. के. चेन यांना घरातील एका वडीलधाऱ्या नातलगाकडून या औषधीची माहिती मिळाली. त्यांनी ती दुकानातून विकत आणली आणि कार्ल श्मिट यांच्यासह १९२४ मध्ये तिची अ‍ॅड्रेनॅलिनसदृश क्रिया दाखवून दिली. अ‍ॅड्रेनॅलिन पोटातून घेता येत नाही. एफेड्रिन घेता येते व त्याचा परिणाम अधिक काळ टिकतो, यामुळे दम्यावर ते लवकरच रूढ झाले. ते अनुकंपी (सिंपथेटिक) तंत्रिकांच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन मुक्त करते; परिणामी श्वासनलिका रुंदावतात, नाकातील सूज उतरते आणि त्याच वेळी नाडी व रक्तदाब वाढतो. दम्यात आता साल्ब्युटामॉलसारखी अधिक निवडक औषधे वापरतात. मणक्यातून भूल दिल्यावर घसरणारा रक्तदाब सावरण्यासाठी मात्र एफेड्रिनचे इंजेक्शन शस्त्रक्रियागृहात अजून हाताशी ठेवले जाते.

धोके : गुणाचे कारण तेच अपायाचेही आहे. धडधड, निद्रानाश, अस्वस्थता, मूत्रावरोध हे सौम्य, तर हृदयाची अनियमित लय, हृद्‌विकाराचा झटका, पक्षाघात, आकडी व मनोविकृती हे गंभीर परिणाम होत. उच्च रक्तदाब, हृद्‌रोग, अवटू (थायरॉइड) ग्रंथीची अतिक्रियाशीलता, काचबिंदू किंवा पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीची वाढ असलेल्यांनी ही औषधी टाळावी. मोनोअमाइन ऑक्सिडेज रोधक (मुख्यतः नैराश्यावरील) औषधांबरोबर ती घेणे जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत वजन घटविण्यासाठी व खेळाडूंना उत्तेजक म्हणून विकल्या गेलेल्या गोळ्यांत माहुआंगचा अर्क कॅफीनच्या जोडीने असे आणि तो आठवडेच्या आठवडे घेतला जाई. दोन-चार दिवसांच्या तापासाठी सांगितलेल्या काढ्याशी या वापराचे साम्य केवळ नावापुरते आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार वजनातील अधिकची घट महिन्याला सुमारे ०.९ किग्रॅ. एवढीच होती, उलट मानसिक, पचनविषयक व हृदयाच्या धडधडीच्या तक्रारींचा धोका दुप्पट ते साडेतीनपट आढळला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बेसबॉल खेळाडू स्टीव्ह बेक्लर यांचा वयाच्या तेविसाव्या वर्षी उष्माघाताने मृत्यू झाला व त्यात एफेड्राचा हात असल्याचे निष्पन्न झाले. एप्रिल २००४ पासून तेथे अशा पूरक आहारद्रव्यांवर बंदी आहे. खेळांत एफेड्रिन निषिद्ध असून १९९४ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतून दिएगो माराडोना यांना याच गटातील द्रव्यांमुळे बाहेर पडावे लागले.

एफेड्रिनपासून मेथँफेटामीन हे मादक द्रव्य बनविता येते, त्यामुळे भारतासह अनेक देशांत एफेड्रिनच्या व्यापारावर नियंत्रण आहे. चीनमध्ये बेसुमार उकरण्याने गवताळ भूमीची धूप होऊ लागली, तेव्हा २००० साली शासनाने माहुआंग व ज्येष्ठमध यांच्या खोदाईवर आणि विक्रीवर परवान्याचे निर्बंध घातले.