गच्चीवरच्या छत्रीपासून ३६ हजार किलोमीटर

सोलापुरातल्या गच्च्यांवर टीव्हीची एकही डिश उत्तरेकडे तोंड करून बसलेली दिसणार नाही. फ्री डिशची छत्री आग्नेयेकडे असते, तर ८३ अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाची छत्री दक्षिणेकडून जराशी पूर्वेला वळलेली. हे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, ३५,७८६ किमी उंचीवर आहेत आणि सोलापूर त्याच्या उत्तरेला १७.७ अंशांवर. त्या उंचीवर एका प्रदक्षिणेला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो, म्हणून उपग्रह आकाशात एका जागी खिळलेला भासतो. अंतराळयुगाचे टप्पे सांगताना स्पुटनिक, गागारिन आणि चंद्रावरचे पाऊल यांची नावे येतात. घरात शिरलेला टप्पा मात्र हा आहे.

तो एकदम साधला नाही. जुलै १९६२ मध्ये सुटलेला टेलस्टार उपग्रह खालच्या कक्षेत होता. अटलांटिकच्या दोन्ही काठांना तो एका फेरीत जेमतेम वीस मिनिटे एकाच वेळी दिसायचा, आणि त्याचा पाठलाग करायला अमेरिकेतल्या अँडोव्हर गावी ५४ मीटर लांबीचा, ३४० टनांचा फिरता शिंगाकृती अँटेना उभारावा लागला. फेब्रुवारी १९६३ मध्ये सिन्कॉम-१ या उपग्रहाला वरच्या कक्षेत ढकलणारी मोटर पेटली आणि त्याच सुमारास त्याच्याशी संपर्क तुटला. जुलैत सुटलेला सिन्कॉम-२ जागेवर पोचला, पण कक्षा कललेली असल्याने रोज आकाशात इंग्रजी आठाचा आकडा काढत राहिला. ऑगस्ट १९६४ चा सिन्कॉम-३ खऱ्या अर्थाने स्थिर ठरला, आणि त्याने टोकियो ऑलिंपिकची चित्रे प्रशांत महासागरापार नेली.

आपल्या भागाशी थेट संबंध आला तो १९७५ मध्ये. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. कर्नाटकातले निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. यातले पहिले दोन म्हणजे अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरला लागून असलेला मुलूख. तिथल्या छत्र्या तीन मीटर व्यासाच्या आणि चक्क कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या. जाळी चालली, कारण प्रक्षेपण ८६० मेगाहर्ट्झवर होते. त्या लहरीची लांबी ३५ सेंमी, त्यापुढे जाळीची भोके नगण्य. आजच्या डीटीएचची, म्हणजे उपग्रहावरून थेट घरी येणाऱ्या टीव्हीची, लहर अडीच सेंमीच्या आसपास असते. तिला अखंड पत्रा लागतो, आणि पत्र्याला पोचा पडला तरी सिग्नल उतरतो.

भारताचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि सप्टेंबरमध्ये इंधन संपल्याने सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षी चॅलेंजर शटलमधून नेलेल्या इन्सॅट-१बी ने ही कसर भरून काढली. उपग्रहाचे आयुष्य बऱ्याचदा इंधनावरच ठरते. चंद्र-सूर्याच्या ओढीने कक्षा दरवर्षी पाऊण-एक अंश कलते. ती सरळ ठेवायला वर्षाला सेकंदाला सुमारे ५० मीटर इतका वेगबदल द्यावा लागतो. तो थांबला की उपग्रह पुन्हा आठाचा आकडा काढू लागतो आणि घट्ट बसवलेल्या छत्रीच्या टप्प्याबाहेर जातो. पूर्व-पश्चिम सरकण्याचे कारण वेगळे: विषुववृत्त अचूक वर्तुळ नाही. त्यामुळे ७५ अंश पूर्वेजवळ एक स्थिर बिंदू तयार होतो आणि तिथे न हटवलेले मृत उपग्रह मागेपुढे झुलत राहतात. सोलापूरचा रेखांश ७५.९, म्हणजे ही अडगळ जवळपास थेट आपल्या दक्षिणेला.

आता छत्री. सोलापुरातून ९३.५ अंशांवरच्या फ्री डिशच्या उपग्रहासाठी दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १३४ अंश आणि क्षितिजापासून उंची ६१ अंश. ८३ अंशांसाठी हेच आकडे १५८ आणि ६८. आधी खांब ओळंब्यात हवा. तो कलला असेल तर छत्री फिरवताना उंचीही बदलत जाते आणि तासभर शोधूनही काही मिळत नाही. होकायंत्र लोखंडी टाकी, पत्रे आणि पिलरच्या सळयांपासून दूर धरावे. घरगुती छत्री दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते, म्हणून डोळ्याने अंदाज न करता ब्रॅकेटवरचे आकडे पाहावेत. ६० सेंमी छत्रीचा झोत सुमारे तीन अंशांचा. दीड अंश चुकले की ताकद निम्मी होते, आणि दीड अंश म्हणजे छत्रीची कड जेमतेम पाऊण-एक सेंमी सरकणे. सावकाश फिरवा, दर टप्प्याला थांबा. बॉक्सला सिग्नल पकडायला काही सेकंद लागतात. शेवटी एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल टिपणाऱ्या डबीला, पीळ द्यायचा. उपग्रह जितका पूर्वेला, तितका हा पीळ जास्त.

चॅनेल अर्धेच दिसत असतील तर छत्री हलवण्याआधी केबलचे टोक तपासा. बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन लहरीची उभी किंवा आडवी दिशा निवडतो. पाणी शिरून कनेक्टर गंजला की १८ व्होल्ट पुरते पोचत नाहीत आणि त्या बाजूचे चॅनेल गायब होतात. एलएनबीजवळ केबलला खाली लोंबणारा वळसा दिला की पाणी तिथूनच ठिबकते.

१२-१३ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास सूर्य नेमका उपग्रहामागून जातो. त्याचा रेडिओ गोंगाट सिग्नलला बुडवतो आणि आठवडाभर रोज काही मिनिटे चित्र फुटते: फ्री डिशला सकाळी अकराच्या सुमारास, ८३ अंशांवर बाराच्या सुमारास. हा बिघाड नव्हे, तेव्हा स्क्रू सैल करू नका. उलट या दिवसांचा उपयोग करून घ्या. नव्या जागी छत्री लावायची असेल, तर त्या वेळी तिथे शेजारच्या इमारतीची किंवा लिंबाची सावली पडते का ते पाहा. पडत असेल तर उपग्रहही त्याच आडोशामागे आहे.