‘ब्रेनडेड’ म्हणजे गेलेला की जाणारा? एका शब्दाची पार्श्वभूमी

अवयवदानाची बातमी आता कुणाला नवी नाही. ग्रीन कॉरिडॉर, द्रुतगती मार्गावरून सुसाट निघालेली रुग्णवाहिका, यकृत एका शहरात आणि हृदय दुसऱ्यात, हे सगळं वाचकाला पाठ आहे. घोटाळा होतो तो एका शब्दापाशी. पहिल्या ओळीत ‘ब्रेनडेड रुग्ण’ असतो, पुढे नातेवाइकांचा होकार येतो आणि शेवटी कधीकधी असं वाक्य येतं की अवयव काढून घेतल्यावर रुग्णाचा मृत्यू झाला. हे वाक्य खरं मानलं तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर जिवंत माणूस होता असा अर्थ निघतो. तसं नसतं. कायद्याच्या लेखी तो माणूस शस्त्रक्रियागृहात जाण्याआधीच वारलेला असतो.

चूक केवळ बातमीदाराची नाही. मराठीत मरण छातीत आणि नाकाशी राहतं. प्राण जातो, श्वास थांबतो, नाडी लागत नाही, धुगधुगी उरत नाही. मरण डोक्यात घडतं असं सांगणारा एकही जुना वाक्प्रचार मला आठवत नाही. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या माणसाची छाती वरखाली होते, अंग ऊबदार असतं, पडद्यावर हृदयाचे ठोके दिसतात. अशा वेळी ‘ते गेले’ हे डॉक्टरांचं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात उतरत नाही, कारण भाषेने सांगितलेली जिवंतपणाची सगळी लक्षणं डोळ्यांसमोर हजर असतात.

ही अवस्था मुळात यंत्राने निर्माण केली. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने बसून रुग्णांच्या फुप्फुसांत हाताने पिशवी दाबून हवा भरली. त्यातून आजचा अतिदक्षता विभाग उभा राहिला. श्वास बाहेरून देता येऊ लागल्यावर मेंदू पूर्ण निकामी झाला तरी हृदय चालू राहू लागलं, कारण हृदयाला ठोक्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही. प्राणवायू मिळाला की ते आपल्या लयीत चालतं. 1959 मध्ये पॅरिसच्या दोन डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि त्या अवस्थेला ‘कोमाच्या पलीकडचा कोमा’ अशा अर्थाचं नाव दिलं. म्हणजे ‘कोमा’ हा शब्द पहिल्याच दिवशी आत शिरला, तो अजून निघालेला नाही.

डिसेंबर 1967 मध्ये केपटाउनला मानवी हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण झालं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1968 मध्ये, मुंबईत परळच्या महापालिका रुग्णालयात तसाच प्रयत्न झाला. रुग्ण काही तासच जगला. त्या दिवशी भारतात मेंदूच्या मृत्यूची कायदेशीर व्याख्या नव्हती. ती यायला आणखी सव्वीस वर्षं लागली.

1968 च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या समितीचा गाजलेला अहवाल आला. त्याने मेंदूचा मृत्यू हाच माणसाचा मृत्यू मानावा अशी दिशा दाखवली. शीर्षकात मात्र शब्द वापरला ‘कधीच न परतणारा कोमा’. कारणं दोन दिली: अशा रुग्णांचा कुटुंबावर आणि रुग्णालयावर पडणारा भार, आणि जुन्या व्याख्येमुळे अवयव मिळवताना उठणारे वाद. हे दुसरं कारण प्रामाणिकपणे लिहिलं गेलं, पण मृत्यूची व्याख्या अवयवांच्या सोयीसाठी बदलली, हा आक्षेप तिथूनच चिकटला. त्याच महिन्यात जपानमध्ये सापोरोला झालेल्या हृदय प्रत्यारोपणात दाता खरोखर मेला होता का, यावरून इतका गदारोळ झाला की जपानमध्ये कायदा व्हायला 1997 उजाडलं.

पुढे व्याख्येचे दोन फाटे झाले. अमेरिकेने 1981 मध्ये संपूर्ण मेंदूचं कार्य थांबणं ही कसोटी धरली. ब्रिटनने 1976 पासून मेंदूस्तंभावर भर दिला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या त्या देठावर, जिथून श्वास आणि जाग चालते. भारताने ब्रिटनची वाट धरली. म्हणून आपल्या कायद्यात ‘ब्रेनडेड’ असा शब्द नाही. मेंदूस्तंभाचा मृत्यू असा आहे. बोलीत तो देठ गळून पडला आणि ‘मेंदूमृत’ उरलं.

हा मृत्यू ठरवतात कसा, हे जवळून पाहण्यासारखं आहे. बाहुल्यांवर विजेरीचा झोत टाकतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात, घशात नळी फिरवून ठसका येतो का बघतात. सगळ्यात शेवटी श्वासाची चाचणी. फुप्फुसं शुद्ध प्राणवायूने भरून व्हेंटिलेटर काढतात आणि छाती उघडी ठेवून आठ-दहा मिनिटं नुसतं पाहत राहतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब चढत पाऱ्याच्या 60 मिलिमीटरच्या वर जातो. मेंदूस्तंभात किंचित जरी जीव असेल तर इतक्या कार्बन डायऑक्साइडवर श्वासाची धडपड होणारच. छाती हलली नाही, तर ती पुन्हा हलणार नाही. हे सगळं सहा तासांच्या अंतराने परत करायचं, चार डॉक्टरांनी सही करायची आणि त्यांतला एकही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला असता कामा नये. कोमातला माणूस या परीक्षेत मृत ठरत नाही.

इथून पुढे खरा गुंता सुरू होतो, आणि तो वैद्यकाचा नसून कायद्याचा आहे. 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला तो प्रामुख्याने मूत्रपिंडांचा बाजार रोखण्यासाठी. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या ठरावांवर संसदेने तो केला. फेब्रुवारी 1995 पासून तो या राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी पुढे स्वीकारला. मेंदूस्तंभाच्या मृत्यूला भारतीय कायद्यात जागा मिळाली ती अशी, अवयवविक्रीबंदीच्या दारातून. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा वेगळाच राहिला. त्यात मृत्यू म्हणजे जीवनाची सर्व लक्षणं कायमची नाहीशी होणं. मेंदूचा उल्लेखच नाही.

परिणाम असा की शेजारशेजारच्या खाटांवर दोन माणसं आहेत, दोघांचाही मेंदूस्तंभ मेलेला आहे. पहिल्याच्या घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला, तर तो कायद्याने मृत. दुसऱ्याच्या घरच्यांनी नकार दिला, तर तो मृत आहे असं लिहून यंत्र बंद करायला डॉक्टर कचरतात, कारण दानाच्या बाहेर त्या व्याख्येचा आधार पुरेसा वाटत नाही. मग हृदय आपणहून थांबेपर्यंत वाट पाहिली जाते, कधी काही तास, कधी काही दिवस. खाटेचं बिल वाढत राहतं आणि मृत्यूच्या दाखल्यावर नंतरची तारीख पडते. जपानच्या 1997 च्या कायद्यातही मेंदूमृत्यू दानापुरताच मृत्यू होता, पण तिथे ते उघडपणे चर्चा करून ठरलं होतं. आपल्याकडे ते घडून गेलं.

माझ्या मते हे मूळ दुखणं आहे, आणि अवयवदानाचं त्यात सर्वाधिक नुकसान होतं. माणूस मेला की नाही हे घरच्यांच्या उत्तरावर अवलंबून आहे असं दिसलं, की डॉक्टर घाई करतायत हा संशय येणारच. केरळने 2020 मध्ये मेंदूमृत्यूचं प्रमाणपत्र अवयवदानापासून वेगळं काढणारा आदेश दिला. दान होवो न होवो, मृत्यू ठरवायची रीत एकच. महाराष्ट्रानेही हे करावं.

दयामरणाच्या वादाने शब्द आणखी गढूळ झाला. परळच्या त्याच महापालिका रुग्णालयात तेव्हा सदतीस वर्षं अंथरुणावर असलेल्या परिचारिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2011 मध्ये स्पष्ट सांगितलं, की ती मेंदूमृत नाही. ती स्वतः श्वास घेते. तरी तेव्हाच्या गप्पांत ‘ब्रेनडेड’ आणि ‘कोमा’ सर्रास एकमेकांच्या जागी बसले. मालिकांनी त्यात भर घातली. तिथे ब्रेनडेड ठरलेल्या नायकाचं बोट हलतं आणि शेजारचं यंत्र पुन्हा वाजू लागतं. हाताचं बोट खऱ्या मेंदूमृत देहातही क्वचित हलतं, पण ती मणक्यातून आलेली हालचाल असते. ते पाहिलेल्या घरच्यांना हे समजावणं किती अवघड जात असेल, याची कल्पना मालिका लिहिणाऱ्यांना नसावी.

आणि आता नवं प्रकरण. सप्टेंबर 2021 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जनुकं बदललेल्या डुकराचं मूत्रपिंड एका मेंदूमृत देहाला जोडलं गेलं. 2023 मध्ये तसाच प्रयोग दोन महिने चालला. कुटुंबांची परवानगी होती. मराठी बातम्यांत त्याला ‘रुग्णावर प्रत्यारोपण’ म्हटलं गेलं. रुग्ण म्हटलं की त्याचं भलं करणं हे उपचाराचं ध्येय ठरतं, आणि इथे ते नव्हतंच, शिकायचं होतं. देहदान म्हणावं तर देह शरीररचनाशास्त्राच्या टेबलावर थंड पडलेला असतो, याचं मूत्रपिंड लघवी तयार करत होतं. या अवस्थेतल्या देहाला नेमका शब्द मराठीकडे अजून नाही, आणि तोवर बातमीदार ‘रुग्ण’च लिहीत राहणार.