वाकवलेला पत्रा ताठ का होतो?

वळवाचा पाऊस सुरू झाला की माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘वादळी वाऱ्याने घरांवरचे पत्रे उडाले.’ का उडाले, हे बातमीत येत नाही. पत्रा घेणाऱ्यालाही आपण नेमकं काय घेतलं, हे पुष्कळदा ठाऊक नसतं.

कुणी त्याला टिनाचा पत्रा म्हणतं, कुणी नालीचा, कुणी नुसतं ‘जीआय’ (गॅल्वनाइज्ड आयर्न, म्हणजे जस्त चढवलेलं लोखंड). यातलं टिन साफ चूक. टिन म्हणजे कथील. ते डबाबंद खाण्याच्या डब्यांना चढवतात. छपराचा पत्रा पोलादाचा, वर जस्ताचा थर. कथलाला ओरखडा पडला की उघडं पडलेलं लोखंड उलट जास्त वेगाने गंजतं. जस्ताला ओरखडा पडला तर जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. सोरेल या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये या लेपाचं पेटंट घेतलं. त्याच्या आठ वर्षं आधी, १८२९ मध्ये, लंडनच्या गोदीतल्या हेन्री पामर या इंजिनिअरने नागमोडी पत्र्याचं पेटंट घेतलं होतं.

‘पन्हळी पत्रा’ हे आपलं नाव मात्र चपखल आहे. पन्हळ म्हणजे वळचणीचं पाणी वाहून नेणारी खोलगट नळी. अशा पन्हळी शेजारी शेजारी दाबल्या की झाला पन्हळी पत्रा. हल्ली दिसणारा सपाट माथ्याचा रंगीत पत्राही पन्हळीच. फक्त लाटेऐवजी घडी कोनात आहे.

पण पन्हळीचं मोठं काम पाणी वाहण्याचं नाही. अर्धा मिलीमीटर जाडीचा सपाट पत्रा दोन आधारांवर ठेवा, तो स्वतःच्याच वजनाने झोळीसारखा लोंबतो. त्याच पत्र्याला पन्हळी पाडल्या की चार फुटांच्या अंतरावर माणूस पेलतो. पोलाद तेच, जाडी तीच.

कोणतीही वस्तू वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला एक थर ना दाबला जातो ना ताणला जातो. वाकण्याला विरोध करतं ते या मधल्या थरापासून दूर असलेलं द्रव्य. ते जितकं दूर, तितका ताण जास्त. शिवाय जितकं दूर, तितकी त्या ताणाला तरफही लांब. अंतर दोनदा कामी येतं, म्हणून विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. सपाट पत्र्यात सगळ्यात दूरचं पोलाद मधल्या थरापासून फक्त पाव मिमीवर असतं. १८ मिमी खोल पन्हळीत तेच माथ्याशी आणि तळाशी ९ मिमीवर जातं. सगळ्या भागांची बेरीज केली तर पन्हळीच्या लांबीच्या दिशेने ताठपणा सुमारे २,००० पट होतो. सपाट पत्र्याकडून हे मिळवायचं तर तो सव्वासहा मिमी जाड घ्यावा लागेल! आणि किंमत? ७५ सेमी रुंदीचा पत्रा पन्हळी पाडल्यावर ६६ सेमीचा होतो, बस. मोडण्याची ताकद मात्र २,००० पट वाढत नाही, साधारण पंचावन्न पटच वाढते. कारण माथ्यावरचं पोलाद सर्वांत आधी मर्यादेला पोचतं.

हे सगळं एकाच दिशेपुरतं. पन्हळीच्या आडव्या दिशेने पत्रा तसाच लेचापेचा राहतो, गुंडाळायला घेतला तर गुंडाळतो. म्हणून पन्हळी आढ्याकडून वळचणीकडे उतरत्या आणि आधाराचे पाइप त्यांना काटकोनात. पाण्यालाही तीच दिशा हवी असते, हे आपलं नशीब.

बसवताना स्क्रू किंवा जे-हुक (इंग्रजी J सारखा वाकवलेला बोल्ट) पन्हळीच्या माथ्यावर मारावा, तळात कधीही नाही. पाणी तळातून वाहतं; तिथलं भोक आज ना उद्या गळतंच. वायसर जेमतेम दबेल इतकंच आवळावं; जास्त आवळलं तर माथा चेपतो, म्हणजे कमावलेली उंचीच गेली. शेजारच्या पत्र्यावर दीड ते दोन पन्हळींचा चढ (एकावर एक येणारा भाग) द्यावा. दहा फुटांमागे दोन फूट उतार असेल तर खालच्या पत्र्यावर वरच्याचा १५ सेमी चढ पुरतो. उतार कमी, तर चढ जास्त. पाटण-जावळीकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून पत्रे पूर्वेच्या टोकापासून लावत यावेत. म्हणजे चढाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते.

आता उडण्याचं. वारा पत्र्याला ढकलून नेतो असं वाटतं, पण खरं तर तो छपरावरून वेगाने जाताना पत्रा वर ओढतो. ताशी १०० किमीच्या वाऱ्यात हा ओढ चौरस मीटरला ४५ किलोच्या आसपास जाऊ शकतो, कडांना आणि कोपऱ्यांना त्याहून जास्त. दहा फुटी पत्र्यावर ८० किलोंच्या वर. पत्रा स्वतः नऊ-दहा किलोंचा. वर ठेवलेले दगड इथे काही करू शकत नाहीत, उलट पत्र्याबरोबर तेही खाली येतात. कडेच्या ओळींत एक माथा सोडून एक स्क्रू हवा, आणि पाइप भिंतीत नीट जखडलेले हवेत. नाहीतर पाइपासकट छप्पर जातं.

पत्रा वीज ओढतो, हीही एक समजूत. वीज धातू शोधत नाही. उंच आणि टोकदार काय आहे, त्यावर तिचा कल ठरतो. पायाळू माणसावर वीज पडते म्हणणाऱ्यांनी पायाळूपणाची उंची किती, ते मोजून सांगावं!

गंजाचं एवढंच. चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असेल तर एका बाजूचा थर जेमतेम १९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). १२० ग्रॅमचा पत्रा स्वस्त, पण थर निम्म्याहून कमी. गोठ्यावरचा पत्रा आतून आधी खराब होतो : शेणमुताचा अमोनिया वर चढतो आणि रात्री पत्र्याखाली धरलेल्या दवात मिसळून जस्त खातो. आढ्याशी हवा जायला फट ठेवली तर बरंच निभावतं. नवे पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवले, तर मधल्या ओलीने पांढरा भुकटीसारखा गंज धरतो. चळत भिजलीच, तर पत्रे सुटे करून उभे टेकवावेत आणि कोरडे झाल्याशिवाय पुन्हा रचू नयेत.